खाडाखोड

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात एक प्रश्न दिवसातून चाळीस वेळा ऐकू येतो : "अहो, हे टाकू का?" प्रश्न विचारणारी व्यक्ती स्टुलावर उभी असते. तिच्या डोक्याला जुना पंचा गुंडाळलेला असतो, एका हातात केरसुणी असते आणि दुसऱ्या हातात माझी एखादी जन्माची ठेव धुळीसकट लोंबकळत असते. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षे झाली. या प्रश्नाला "टाक" असे उत्तर मी एकदाही दिलेले नाही, आणि माझ्या उत्तराची वाट तिने एकदाही पाहिलेली नाही.

पूर्वी या बाबतीत मी नुसता चिकट माणूस समजला जात असे. अलीकडे मात्र माझ्या चिकटपणाला शास्त्राचा आधार मिळाला आहे. निवृत्त झाल्यावर कोणी पेटी शिकतात, कोणी योगासने करतात, कोणी ज्ञानेश्वरी वाचायला घेतात. मी २०२४ च्या जूनमध्ये एका संध्याकाळच्या वर्गात नाव घातले आणि संगणकातल्या गुन्ह्यांचा माग काढण्याची विद्या शिकू लागलो. तिला कॉम्प्युटर फॉरेन्सिक्स म्हणतात. मराठीत काय म्हणावे, यावर वर्गात बराच खल झाला. एका उत्साही विद्यार्थ्याने 'संगणकाचे शवविच्छेदन' असा शब्द सुचवला. पण ऐन सणाच्या दिवसांत तो वापरणे मला प्रशस्त वाटत नाही.

या वयात हे खूळ कोठून शिरले, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे मूळ माझ्या नोकरीत आहे. एका सहकारी बँकेत मी जन्म काढला, आणि त्यातली शेवटची चौदा वर्षे हिशेब तपासण्यात गेली. आमच्या उमेदीच्या काळात खतावण्या हाताने लिहीत, आणि खतावणीत खोडरबराला मज्जाव असे. आकडा चुकला तर त्याच्यावर आडवी रेघ ओढायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. चूक झाली तरी चालेल, पण ती दिसली पाहिजे, हा बँकेचा धर्म. ब्लेडने खरवडलेला आकडा आम्ही पान उजेडासमोर धरून ओळखत असू. कागद त्या जागी पातळ होऊन पलीकडचा दिवा दाखवी. पुढे खतावण्या गेल्या, संगणक आले. मग मला रुखरुख लागली की या यंत्राचे पान उजेडासमोर धरायचे तरी कसे?

आम्हाला शिकवणाऱ्या बाई सत्तावीस वर्षांच्या होत्या. मी त्यांना मॅडम म्हणे आणि त्या मला काका म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर एक संगणक ठेवला आणि मला विचारले, "काका, समजा हा गुन्ह्यात सापडलेला संगणक आहे. तुम्ही आधी काय कराल?"

"सुरू करून आत काय आहे ते पाहीन."

"संपलं! पुरावा तुम्हीच बिघडवलात."

सगळा वर्ग हसला. मग त्यांनी समजावून सांगितले की संगणक नुसता सुरू केला तरी तो आपल्या आतल्या कितीतरी नोंदी बदलतो. अमुक फाइल केव्हा उघडली, तमुक केव्हा बदलली, हे तो लिहीत सुटतो, आणि त्या लिहिण्यात जुन्या खुणा बुजतात. उलट तो मुळात चालूच असेल, तर घाईने बंद करणेही वाईट; कारण चालू यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात जे काही असते ते वीज गेल्याबरोबर नाहीसे होते. म्हणून तपासनिसाचा पहिला धडा असा की हात पाठीमागे बांधून उभे राहा आणि बघा. मग चकती बाहेर काढायची, ती आणि आपला संगणक यांच्यामध्ये एक छोटी पेटी जोडायची. या पेटीतून वाचता येते, पण लिहिता येत नाही. त्या पेटीतून चकतीची अक्षरन् अक्षर नक्कल उतरवायची. तपास करायचा तो नकलेवर. मूळ वस्तू मोहोर लावून कपाटात.

नक्कल मुळाबरहुकूम आहे हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी हॅश नावाची एक युक्ती आहे. सगळा मजकूर एका गणिती चरकातून पिळून काढला की त्याचा एक ठरावीक लांबीचा अर्क निघतो; हल्ली जी पद्धत चालते तिच्यात तो चौसष्ट अक्षरांचा असतो. मजकूर एका ओळीचा असो की सबंध ग्रंथालयाएवढा असो, अर्क चौसष्टच अक्षरांचा. मला खरे वाटेना. मी साताऱ्याच्या अक्काला लिहिलेले एक पत्र संगणकात घातले आणि त्याचा अर्क काढला. मग 'ती. अक्कास,' यातला एक स्वल्पविराम काढून पुन्हा काढला. सगळा अर्क बदलला, ओळख पटेना! स्वल्पविरामाला इतका मान दिलेला मी त्यापूर्वी एकाच ठिकाणी पाहिला होता, आणि ते म्हणजे अक्काच्या चौथीच्या वर्गात. या अर्काला बोटाच्या ठशाची उपमा देतात. बोटांच्या ठशांची कचेरी १८९७ साली आपल्याच कलकत्त्यात उघडली, आणि ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी माणसांचा मोठा हात होता, हे ऐकून माझी छाती उगीचच फुगली.

आमचा वर्ग चालू असतानाच कायदाही बदलला. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. संगणकातला पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली आपल्या जालन्याच्याच एका निवडणुकीच्या खटल्यात स्पष्ट केले होते. नव्या कायद्याने त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशसाठी रीतसर रकाना घातला. रकाना म्हटला की आमच्यासारख्या बँकवाल्याला घरी आल्यासारखे वाटते.

पण मला खरा मोह पडला तो पुसलेल्या गोष्टींचा. आपण फाइल पुसतो तेव्हा बहुधा पुसतो ती फक्त तिची यादीतली नोंद. ग्रंथालयातल्या खणातून पुस्तकाचे कार्ड काढून टाकावे आणि पुस्तक मात्र फळीवर तसेच राहावे, तसा हा प्रकार. त्या जागेवर दुसरे पुस्तक येऊन बसेपर्यंत जुने तेथेच असते. नवे पुस्तक बारीक असले तर उरलेल्या फटीतही जुन्याची चार पाने मिळतात. अमेरिकेतल्या विचिता गावात दहा खून करून एक माणूस तीस वर्षे पोलिसांना चुकवीत होता. २००५ साली त्याने एका दूरचित्रवाणी केंद्राला फ्लॉपी पाठवली. तिच्यावर पुसलेल्या एका मजकुराचे अवशेष होते, आणि त्या अवशेषांत एका चर्चचे नाव आणि 'डेनिस' एवढा शब्द होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो पकडला गेला.

ही गोष्ट ऐकून मी रस्त्याने तरंगत घरी आलो. पुसलेले काही पुसले जात नाही! केवढा दिलासा! मात्र मॅडमनी पुढे जे सांगितले ते मी नीट ऐकले नाही. त्या म्हणाल्या होत्या की ही जुन्या फिरत्या चकत्यांची कथा. हल्लीच्या नव्या चकत्या मोकळी झालेली जागा आपण होऊन साफ करतात, आणि मोबाइलमधला मजकूर कुलपात असतो, तो पुसला की त्याची किल्लीच जाते. माणूस आपल्याला हवे तेवढेच ऐकतो.

दुसरा फटका मला वेळेच्या गणितात बसला. सरावासाठी एका कल्पित कचेरीतल्या चोरीच्या नोंदी दिल्या होत्या. पैसे हलले ती वेळ लिहिली होती सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. त्या वेळी टेबलावर कोण होता ते मी हजेरीपटावरून शोधले आणि एका कारकुनाला गुन्हेगार ठरवून मोकळा झालो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, ही वेळ ग्रिनिचची आहे. आपण साडेपाच तास पुढे." म्हणजे चोरी झाली रात्री अकरा चाळीसला! तेव्हा माझा कारकून घरी निजलेला होता. कागदावरचाच कारकून तो. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मला वाटले, नोकरीच्या चौदा वर्षांत असे किती साडेपाच तास माझ्याकडून राहून गेले असतील?

या विद्येच्या पुराणातला माझा आवडता पुरुष मात्र क्लिफर्ड स्टोल. हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील एका प्रयोगशाळेत तो संगणकाच्या कामावर लागला, आणि पहिलेच काम त्याच्याकडे आले ते हिशेब जुळवण्याचे. पंचाहत्तर सेंटची तूट येत होती. कोणीतरी नऊ सेकंद यंत्र वापरून त्याचा आकार भरला नव्हता. एखाद्याने पंचाहत्तर सेंट स्वतःच्या खिशातून टाकून विषय मिटवला असता. स्टोलने तो मिटवला नाही. मागून आणलेली पन्नासेक छपाईयंत्रे त्याने तारांना जोडली आणि चोर काय काय टंकतो ते कागदावर उतरवून घेतले. चोराला हाकलणे सोपे होते. पण याने त्याला येऊ दिले, रोजच्या रोज वहीत नोंदी केल्या, आणि शेवटी खोट्या सरकारी कागदपत्रांचे आमिष मांडून त्याला तारेवर खिळवून ठेवले. जवळजवळ दहा महिन्यांनी माग पोहोचला जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी. तेथला एक तरुण अमेरिकन लष्करी संगणकांत शिरून मिळेल ती माहिती रशियन हेरखात्याला विकत होता. नऊ पैशांसाठी रात्री अकरापर्यंत बँकेत बसलेल्या माणसाला या गोष्टीत काय वाटते, ते इतरांना सांगून कळायचे नाही.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते सांगतो.

त्याच साली, म्हणजे २०२४ च्या गणपतीत, आमचे घर पाहुण्यांनी भरले होते. मी नवशिक्या, कोणी विचारो न विचारो, पुसलेल्या फाइलींची कथा सर्वांना ऐकवीत होतो. बोलता बोलता आमच्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या गृहस्थांचा विषय निघाला. त्यांना फोनवरून कोणीतरी मोठ्या रकमेला गंडवले होते. मी म्हणालो, "शिकलीसवरलेली माणसं फसतात तरी कशी? अशांना पुन्हा पहिलीत बसवलं पाहिजे!" सगळे हसले. अक्का कोपऱ्यात दूर्वा निवडत बसली होती. ती हसली की नाही, हे मी पाहिले नाही.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. साताऱ्यात मराठी शाळेत तिने बत्तीस वर्षे शिकवले. यजमान गेल्यापासून ती एकटीच राहते. भाऊबीजेला मी साताऱ्याला गेलो. दारात पाऊल टाकले तोच काहीतरी चुकल्यासारखे वाटले. आत गेलो, पाटावर बसलो, तिने ओवाळले, फराळाचे ताट पुढे आले. तरी ते चुकणे काय, ते ध्यानात येईना. मग कळले. दाराच्या कडीला वर्तमानपत्राची पिशवी नव्हती. जी बाई चाळीस वर्षे अग्रलेख वाचल्याशिवाय दुसरा चहा घेत नाही, तिच्या घरी वर्तमानपत्र नव्हते. ही माझी पंचाहत्तर सेंटची तूट.

"अक्का, पेपर बंद केलास?"

"डोळ्यांना त्रास होतो रे."

पण हे सांगताना ती सुईत दोरा ओवत होती, आणि तो पहिल्या फटक्यात ओवला गेला. मी ताट बाजूला सारले. बराच वेळ ती बोलली नाही. आणि बोलू लागली तेव्हा थांबली नाही.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस तिला फोन आला होता. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, असे सांगण्यात आले. मग पडद्यावर पोलिसी गणवेशातला माणूस, मागे सरकारी बोधचिन्ह, हातात हुकूम. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, खोली सोडायची नाही, कोणाला सांगायचे नाही, चौकशी पुरी होईपर्यंत पैसे सरकारी खात्यात ठेवायचे. असली अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. परंतु ज्या बाईने आयुष्यभर अधिकाऱ्यांची तपासणी आली की वर्ग उभा केला, ती बाई दोन दिवस त्या पडद्यासमोर हात जोडून बसली. तिने मुदतठेव मोडली. चार लाख ऐंशी हजार रुपये तीन खात्यांवर गेले.

"चोवीस दिवस झाले अक्का! मला एक फोन करायचास!"

ती पदराने डोळे टिपत म्हणाली, "तू हसला असतास रे."

यावर बोलायला माझ्यापाशी काही नव्हते. मी तपासनीस झालो, कारण ते सोपे होते. म्हणालो, "फोन दे." तिने दिला. त्यात काहीच नव्हते. निरोप नाहीत, आलेल्या फोनची यादी नाही, बँकेचे संदेशसुद्धा नाहीत. रोज रात्री निजताना ती एकेक पुसत होती. कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून.

मी मॅडमना फोन लावला. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "काका, मोबाइलमधून फारसं परत मिळणार नाही. आणि अशा प्रकरणात पहिले काही तास महत्त्वाचे असतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फिरत जातात. एकोणीसशे तीस या नंबरावर लगेच कळवलं तर वाटेत गोठवता येतात. पण तरी आत्ता कळवा." आणि मग, थोडे थांबून : "आत्यांना रागावू नका हं."

एकोणीसशे तीसला फोन केला. पलीकडून विचारू लागले : कोणत्या खात्यावर, किती वाजता, किती रक्कम? मी अक्काकडे पाहिले. ती उठली, तांदळाच्या डब्यामागून शंभर पानी वही काढून आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

तो तोतया अधिकारी सांगत होता आणि अक्का जन्माच्या सवयीने लिहून घेत होती. समास सोडलेला, तारीख उजव्या कोपऱ्यात. फोन किती वाजता आला, साहेबांनी नाव काय सांगितले, खाते क्रमांक, रक्कम, सगळे वळणदार अक्षरात. मध्येच त्याने हिंदीत एक कबुलीजबाब सांगितला होता. त्यातल्या लिंगाच्या दोन चुका तिने लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या! त्या भयाच्या घटकेलासुद्धा तिला चुकीचे व्याकरण बघवले नव्हते. आम्ही दोघेही रडता रडता हसलो, आणि तेवढ्याने घरातली हवा जरा हलली.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत गेलो. तेथल्या अधिकाऱ्याने वही शेवटपर्यंत वाचली आणि तो उठून उभा राहिला. "बाई, असं लिहून ठेवणारा फिर्यादी मला पहिल्यांदा भेटला," तो म्हणाला. वहीतल्या वेळांवरून बँकेच्या नोंदी काढल्या, त्यांना प्रमाणपत्र जोडले. दोन खाती केव्हाच कोरडी झाली होती. तिसऱ्यात बासष्ट हजार रुपये अडकलेले होते. कारण ते खाते दुसऱ्या कोणा फसलेल्या माणसाने तासाभरात तक्रार करून गोठवून घेतले होते. तो कोण, कोठला, आम्हाला माहीत नाही. त्याने लाज बाजूला ठेवून एक फोन केला, आणि त्यात आमच्या अक्काचे बासष्ट हजार वाचले. कोर्टाच्या हुकुमाने पुढच्या वर्षी ते तिच्या हाती आले. बाकीचे गेले ते गेले.

चार लाख अठरा हजारांचा हिशेब मी पुष्कळदा मांडला. चोराचा गुन्हा चोराच्या खाती पडतो, त्यात मला शंका नाही. पण मधले चोवीस दिवस कोणाच्या नावे लिहायचे? तिच्या फोनमधला पुरावा तिच्या बोटांनी पुसला हे खरे; ते बोट चालवले माझ्या गणपतीतल्या हसण्याने. संगणकाला हात लावायच्या आधी हात मागे बांधायचे, हे मी शिकलो होतो. माणसाच्या बाबतीत तीच शिस्त जिभेला लावावी लागते, हे अभ्यासक्रमात कोठे नव्हते. खतावणीत चूक दिसू द्यावी म्हणून आम्ही रेघ ओढत असू, खरवडत नसू. घरात मात्र चुकलेल्या माणसाला आपण असे काही बोलतो की त्याला खरवडण्यावाचून गती राहत नाही.

२०२५ च्या गणपतीत अक्का पुन्हा आमच्याकडे आली. आरती झाल्यावर तिने ताटलीत पाच मोदक घेतले, वर तुपाची धार सोडली आणि मला म्हणाली, "ते तळमजल्यावरचे गृहस्थ आहेत ना, त्यांच्याकडे चल." मी निमूट मागोमाग गेलो. गृहस्थांनी दार उघडले. अक्का खुर्चीवर बसली आणि पहिल्या वाक्याला म्हणाली, "माझे चार लाख ऐंशी हजार गेले. तुमचे किती गेले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. उठून आतल्या कपाटातून त्यांनी रुमालात गुंडाळलेला एक जुना मोबाइल आणला आणि मेजावर ठेवला. "तक्रार केली नाही," ते हळूच म्हणाले. "मुलांना अजून ठाऊक नाही. पण पुसलं काहीच नाही. पुसायचाही धीर झाला नाही, आणि दाखवायचाही."

मी तो मोबाइल उचलला नाही. हात पाठीमागे बांधले आणि म्हणालो, "राहू दे तिथंच. आधी तुम्ही सांगा."

ते सांगू लागले. मोदक निवून गेले, तुपाची साय धरली, तरी कोणी मध्ये बोलले नाही.